नातीचं गाऱ्हाणं

आमच्या नातीला एका सरांनी दोन दिवसांत ओळखलं. चौदा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर वाढली, मला अजून पुरती कळली नाही, पण सरांना कळली. मे महिन्यात जामसंड्याला मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर होतं. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, मिठबावहून तिला गाडीवर घालून न्यायचा, आणायचा. शेवटी हातात एक कागद मिळाला. त्यावर चौकोन, चौकोनांत खुणा. संकोची. आत्मविश्वास कमी. पुढाकार घेत नाही. का, तर एका मिनिटात उभं राहून स्वतःची ओळख करून द्या म्हणाले, आणि ही मिनिटभर विचारच करत राहिली.

अहो, ती तशीच आहे. जेवताना काही विचारा, उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. मागच्या वर्षी छपराला टेकलेलं फणसाचं झाड तोडायचं की नाही यावर घरात चार दिवस वाद. हिला विचारलं, ही गप्प. दोन दिवसांनी म्हणाली, झाड कशाला तोडता, छपरावरची फांदी सांध्यात सुकलीय, तेवढी काढा. मुलगा शिडी लावून चढला, तर खरंच. आता हे कुठल्या चौकोनात बसतं ते सरांनी मला सांगावं.

पण एकट्या सरांवर राग काढून भागत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मीच हसत सांगायचे, "आमचां चेडू जरा घुमां आसा." ती तिथेच बसून कोकमाची सोलं सुकत घालत असायची, ऐकत असायची. लाडानं मारला तरी शिक्का तो शिक्काच. सरांनी तोच कागदावर उतरवला, एवढंच.

त्या वयातलं पोर म्हणजे अढीतला आंबा. गवतात ठेवला की ठेवला. रोज काढून दाबून बघाल तर दाबल्या जागी काळा डाग पडतो. माझा मुलगा आंब्यांच्या बाबतीत इतका कडक, की अढीला कुणाला बोट लावू देत नाही. आणि स्वतःच्या पोरीला महिनाभर दाबत होता. पाहुण्यांपुढे उभी कर, आरशासमोर बोलायला लाव. ती जास्तच मिटली. मग त्यानं ठरवलं, कोल्हापूरची वसतिगृहाची शाळा. तिथे मुलं स्मार्ट होतात म्हणे. सून आत जाऊन रडली, पण त्या कागदापुढे तिचंही काही चालेना. नातीला कुणी विचारलंच नाही.

जायच्या सकाळी भाड्याची गाडी दारात आली, अंगणात नारळ ठेवला. आमच्यात कुणी घर सोडून निघालं की गाऱ्हाणं घालतात. घरातला एक जण देवाला सांगणं सांगतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमचे हे होते तेव्हा अख्ख्या वाडीतून त्यांना गाऱ्हाण्याला बोलावणं यायचं. नात त्यांच्याबरोबर जायची, पायरीवर बसून ऐकायची. मुलाला मात्र ते कधी जमलं नाही. शेजारची सातआठ माणसं हात जोडून उभी, आणि हा दोन वाक्यांत अडकला. खिशातून मोबाइल काढून त्यात लिहून ठेवलेलं शोधायला लागला.

तेवढ्यात बॅगेजवळून नातीचा आवाज आला. आजोबांच्याच चालीत, न अडखळता.

"बा देवा म्हाराजा, आज जां ह्यां लेकरू शिकाक म्हणान घराभायर पडता हा, तेच्या वाटेवरची इडापीडा दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तिनं श्वास घेतला आणि पुढे सुरू केलं.

"ह्या लेकराक खंय जावचां नाय आसा. हयच ऱ्हवान शिकाचां आसा. तां तसांच घडवन आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सवयीनं हो म्हणाले सगळे. मी म्हणाले, मुलगाही म्हणाला. मग एकेकाच्या लक्षात आलं. शेजारचा एक जण हसू दाबत म्हणाला, "आता गाडी परत धाड रे बाबा. तूच व्हय म्हटलंस."

मुलगा लालबुंद. माझ्याकडे वळला. "आये, तू सांग. ह्येका गाऱ्हाणां म्हणतत?"

असल्या गोष्टींत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. नात माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं ते तिनं चारचौघांत, मोठ्यानं, देवाला सांगून टाकलं होतं. मी फक्त मान डोलवायची होती. आणि मी बघितलं त्या माणसांकडे. माझ्या मुलाची फजिती होईल, लोक हसतील, एवढंच डोक्यात आलं. म्हणाले, "चेडवान घातलेलां गाऱ्हाणां देवाक पोचना नाय."

खोटं. तिचे आजोबा तर म्हणायचे, पोरगी असो की पोरगा, पोटातून निघतं ते पोचतं. गाय अडली होती तेव्हा हिनं गोठ्यात बारक्या आवाजात गाऱ्हाणं घातलं होतं, आणि त्यांनी बाहेरून व्हय दिला होता. मी कानांनी ऐकलंय. तरी बोलले.

तिनं बॅग उचलली आणि गाडीत बसली.

आता दर रविवारी फोन येतो. मी बरी आहे, अभ्यास चांगला चालला आहे, तुम्ही काळजी घ्या. मला जन्मात तिनं कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मुलगा खूश. म्हणतो, बघ कशी खुलली. माझ्या डोक्यात तिडीक जाते. खुललेलं माणूस असं बोलतं होय? बँकेतली बाई बोलते तशी बोलते ती आपल्या आजीशी.

काल त्याला सांगितलं, "मी तेवा खोटां बोललंय." तो म्हणाला, आता वर्ष मध्येच तोडायचं का? मी म्हटलं, वर्षाचं तू बघ, मी उद्याच्या एसटीनं कोल्हापूरला जाते. तिला तोंडावर सांगणार, की तुझं मागणं खरं होतं, तुझी आजी लोकांना भ्याली. ती माझ्याशी बोलेलच असं नाही. नाही बोलली तर तो तिचा हक्क आहे. पण शाळेच्या बाईंनाही सांगून येणार, की सुट्टीला घरी आल्यावर परत यायचं की नाही ते ही पोर ठरवेल, बाप नव्हे.

मुलगा म्हणतो, आये, तू तिथे तमाशा करशील.

करणार. चार माणसांसमोर मी तिला खोटी पाडली, मग कबूल कोपऱ्यात कशाला करू?