वन्संची तांबडी कमळं

आमचे मालक सुतार. महाराज गादीवर आल्यावर शहरात नवे बंगले उठले, आणि खिडक्यांना काचा बसवायचं काम त्यांना मिळू लागलं. उरलेल्या काचा सागवानी चौकटीत बसवून, फटीत लुकण भरून त्यांनी पाणी साठवायची एक पेटी केली. ती बहिणीसाठी. माझ्या या नणंदेचा नवरा त्यांच्या लहानपणीच गेला होता. तेव्हापासून वन्सं माहेरीच.

पेटीच्या तळाला चिखल, वर वाळू, पाणवेली, बारके मासे. रंकाळ्यातून मालकांनी तांबड्या कमळाचा सुपारीएवढा गड्डा आणला. वन्संनी तो खोल पुरला, तर तो कुजला. दुसरा त्यांनी अर्धा उघडा ठेवला आणि तांबूस पानं फुटली. गड्ड्याला पिल्लं आली की मुळं धरेपर्यंत थांबायचं, मग नखानं खुडून गाडग्यात लावायची. पाण्यावर निघालेली पानं त्या खुडत, म्हणजे झाड तळाशीच दाट राही; फूल मात्र धरत नसे.

एकदा शेजारच्या सुनेनं एक गाडगं नेलं. तिच्या सासूनं ते परत आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं. "रांडमुंडीच्या हातचं तांबडं आमच्या घरात नगं." वन्संनी गाडगं उचललं, पिल्लू पेटीत लावलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढं गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली आणि शहर रिकामं करून बंद केलं. आम्ही शहराबाहेर माळावर झोपडीत राहिलो. एका सकाळी सरपणाला म्हणून गेलेल्या वन्सं ओल्या पदरानं परतल्या. चोरून घरी जाऊन आल्या होत्या.

"पानं खुडायला कोण न्हवतं न्हवं, वयनी. कळी आलीया की!"

मग त्यांना ताप भरला, काखेत गाठ आली. ग्लानीत त्यांनी भावाचा हात धरला.

"दादा, आता उमललं असंल. केसात माळू व्हय रं?"

"माळ की. आत्ता आनतो."

मालक शहराकडं धावत गेले. नाक्यावर शिपायांनी अडवलं. ते पाया पडले, तरी सोडलं नाही. रिकाम्या हातानं परत आले तेव्हा वन्सं गेल्या होत्या.

मी त्यांचे केस विंचरून घट्ट वेणी घातली.

शहर उघडल्यावर घरी आलो. पेटीतलं पाणी आटलं होतं. मालकांनी चिखल बोटांनी उकरला. गड्डे वाळून गेले होते. ते परसात जाऊन हुंदके देत राहिले. मी चूल पेटवायला बसले, पण ती काही केल्या पेटेना.