चार बोटं वाळू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताई जगातल्या यच्चयावत माणसांवर, वस्तूंवर आणि हवामानावर संशय घेत. देवावर घेत नसत, कारण तो आहे की नाही याचाच त्यांना संशय होता. दुधाची पिशवी त्या घरच्या काट्यावर ठेवून बघायच्या, एका डॉक्टरची गोळी दुसऱ्याला दाखवायच्या आणि दुसऱ्याचं मत तिसऱ्याला. याला कारणही तसंच होतं. घोडबंदर रोडला एका ट्रकच्या क्लीनरने "या, या, निघा" असा हात केला, ताईंनी स्कूटर काढली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. "आयुष्यात एकदाच कोणाचं ऐकलं," हे त्या भाजी महागल्याच्या सुरात सांगत.

पस्तिशी उलटल्यावर ताई लांब उडी मारायला लागल्या. धावण्यासाठीचा तो वाकडा, पात्यासारखा पाय, म्हणजे ब्लेड, घरी आला आणि संशयाला नवं कुरण मिळालं. कोणी स्क्रू फिरवला तर कळावं म्हणून त्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढत. ब्लेडला नजर लागू नये म्हणून ते पेटीच्या खोक्यातून नेत. वॉचमनने विचारलं, "मॅडम, इसमें क्या है?" तर म्हणाल्या, "हार्मोनियम." आठवड्याभरात सोसायटीचं भजनी मंडळ दारात हजर! "माझी पट्टी तुमच्याशी जुळायची नाही," म्हणून ताईंनी त्यांना कटवलं. मासे घेताना प्रत्येक पापलेटचा कल्ला उघडून बघत. एकदा उत्तनची कोळीण वैतागली, "बाय, पाय तुजा खोटा हाय, मासली माजी न्हाय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र पोट धरून हसल्या आणि त्यानंतर मासे तिच्याशिवाय कोणाकडून घेतले नाहीत. तोंडावर बोलणारं माणूस त्यांना चालायचं.

मी तर तोंडावर काय, पाठीमागेही बोलत नाही. पण "दादा कमी बोलतात. कमी बोलणारा खोटं कशाला बोलेल?" असं त्यांचं तर्कशास्त्र. त्यामुळे रोज सकाळी शाळेच्या मैदानावर टेप धरायचं काम माझ्याकडे आलं. टेप त्यांची, तीही दुसऱ्या टेपला लावून तपासलेली. जिथून उडी घ्यायची त्या फळीजवळचा आकडा त्या स्वतः वाचत. वाळूत उडी जिथे पडली त्या खुणेवर शून्याचं टोक तेवढं मी धरायचं.

राज्याच्या संघात जायला चार मीटर हवे होते. दीड महिना ताई तीन नव्वद, तीन ब्याण्णव करत राहिल्या. एका सकाळी उडी मारून वाळूतच बसून राहिल्या. "दादा, आज नाही झालं तर सोडून देते. लोक हसतात ते बरोबरच असेल." मी खुणेवर पंजा ठेवला आणि टोक चार बोटं पलीकडे सरकवलं.

"चार! दादा, चार!" फळीपाशी जाऊन आकडा वाचताच ताई ओरडल्या.

ते ओरडणं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून दुसऱ्या दिवशीही सरकवलं. तिसऱ्या दिवशी खरं मापलं असतं तर उडी घटल्यासारखी दिसली असती. मग महिनाभर तेच करत राहिलो.

निवड चाचणीत तीन सत्त्याण्णव आले. ताईंनी पर्समधून आपली टेप काढली. "तुमची टेप चुकतेय. महिनाभर आमच्या दादांनी मोजलंय, विचारा त्यांना!" पंच माझ्याकडे वळले. मी बुटातली वाळू झटकत राहिलो. पंचांनी दोन्ही टेपा शेजारी ठेवल्या, तंतोतंत जुळल्या. मागून कोणीतरी हसलं. परतताना रिक्षात ताईंनी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "टेप खरी, तुम्ही खरे. म्हणजे ऐन वेळी मीच कच खाल्ली."

इतकी वर्षं जगावर घेतलेला संशय त्या दिवसापासून त्यांनी सगळा स्वतःवर घेतला. उडी बंद झाली. मी दोन वर्षं गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतंच.

गेल्या रविवारी त्यांच्या दारात उभा राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, दार तोंडावर आपटतील. ताईंनी एवढंच विचारलं, "मग खरी उडी किती जायची?"

"ब्याण्णव. त्याच्या वर कधीच नाही."

"म्हणजे चाचणीत पाच सेंटिमीटर जास्त मारली मी."

"हो."

"आयुष्यातली सगळ्यात लांब."

"हो, ताई."

"आणि ती मारून मी रडत घरी आले."

आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. आत कुकरची शिट्टी झाली, त्या वळल्या नाहीत.

"तुम्हाला तर माहीत होतं ना, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "एक टाळी तरी वाजवायची होतीत."

हात कुठे ठेवावेत, मला कळेना.