धुरपताबाईची पायघडी

आमच्या गावात मांडवात येणारी नवरी चालते ती परटिणीच्या पायघडीवरून. धुतलेलं लांब पांढरं कापड धुरपताबाई अंथरायची. हा मान तिच्या सासूचा, त्याआधी सासूच्या सासूचा.

उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. धुरपता धुणं धुवायची तो ओढा आटला. मग कचेरीनं बोरची गाडी पाठवली. खोल बोर पाडून हापसा बसवला. पाणी मिळालं, पण जड. घागरीला आतून पांढरं पुट चढायचं, डाळ शिजता शिजायची नाही.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या उमाबाईच्या गुरम्माचं लग्न निघालं. धुरपताला लेकरू नव्हतं. गुरम्माची दुपटी तिनंच धुतली होती. त्या पोरीच्या पायाखाली मळकं कापड जाऊ द्यायचं नव्हतं.

तिनं हापशाच्या पाण्यात पायघडी भिजवून साबण लावला. फेस येईना. नासलेल्या दुधासारखा साबण फाटला, कापडाला चिकटला. तिनं आणखी लावला. चिकटा वाढला, पांढरं कापड राखाडी झालं.

नवरा व्यंकटी ओट्यावरून बघत होता. "घास अजून," तो म्हणाला. "कापडाचाच साबन होईल."

"तुमी गप बसा हो."

उमाबाई घागर घेऊन आली. "घे धुरपते, टँकरचं हाय. गोडं पाणी."

"न्हाई बाई. लेकराबाळांच्या तोंडचं पाणी धुण्यात घालू?"

उमाबाई घागर खाली ठेवून टेकली. "मग डाळीवानी कर. मी आधी पाण्यात चिमूटभर सोडा टाकते, मग डाळ वैरते. तवा कुठं शिजते."

"आमच्यात आधी साबन, मग भट्टीत उकळताना सोडा. सासूनं तसंच शिकवलं."

"तुझ्या सासूला वढा होता, माय."

धुरपतानं उठून चूल पेटवली. हापशाच्या तापल्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. पाणी गढूळलं, दुधाळ झालं. तिनं ते निवळू दिलं. बुडाला चुन्यासारखा साका बसला. वरचं पाणी अलगद काढून त्यात तिनं पायघडी उकळली, चिकटा सुटला. उरलेल्या निवळीत हातावर साबण चोळला, तर बोटांतून फेस निघाला, मऊ, भरभरून. ती हात तसाच धरून बसली.

"आला का?" व्यंकटीनं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"हाव. आला."

लग्नादिवशी मांडवाच्या तोंडाशी तिनं पायघडी अंथरली. उन्हात डोळे दिपावेत अशी. गुरम्मा काठाशी येऊन थांबली. तिच्या पायांना हळद होती, वाटेवरची धूळ होती.

"मावशी, लई पांढरं हाय गं. पाय कसा ठिवू?"

धुरपतानं खाली वाकून तिची टाच धरली आणि पाऊल कापडावर टेकवलं.

"ठिव माय. तुझ्याच पायासाठी धुतलंय."