तिघांची आमटी

ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या वनमालाबाईंच्या खानावळीत जेवणाऱ्यांनी जेवणाला कधी चांगलं म्हटलं नाही. बरं, जेवणारे काही थोडेथोडके नव्हते. सकाळची चाळीस पानं उठत आणि चाळिसांतल्या एकाच्याही जिभेला हाड नसे. कुणाला आमटी आंबट लागे, कुणाला भाजी सपक, आणि श्रीपाद नावाच्या सरकारी कारकुनाला तर मिठाशिवाय दुसरा विषयच नव्हता. "काकू, आज मीठ विसरलात," एवढं म्हटल्याशिवाय त्याचा भात घशाखाली उतरत नसे. इतकी नावं ठेवून ही मंडळी दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला पुन्हा पाटावर हजर.

बाई त्यांच्यावर खेकसायच्या, पण त्यांच्यावाचून बाईंचंही चालत नव्हतं. कारण त्या स्वतः चव घेत नसत. सासूनं घालून दिलेली शिस्त होती: आधी देवाला नैवेद्य, मग पंगती, आणि शेवटची पंगत उठल्याशिवाय आपल्या जिभेला काही लावायचं नाही. चाळीस जणांची आमटी बाई डोळ्यांनी आणि नाकानं करत. तीन मुठी मीठ, चिंचेचा एक गोळा, गुळाचा खडा. उणंअधिक काय झालं ते पहिल्या पंगतीच्या कुरकुरीतून कळायचं आणि दुसऱ्या पंगतीची आमटी सुधारायची. चोवीस वर्षं हा कारभार सुरळीत चालला.

राज्यं बदलली त्याचं बाईंना फारसं काही वाटलं नव्हतं. संस्थान गेलं, मध्यभारत आला. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला राही आणि उन्हाळ्यात इंदूरला. तेवढ्या रिकामपणात बाई पापड-कुरडया उरकून घेत. थंडी पडली की मंडळी परत. पण छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तबादल्याचे कागद हातात घेऊन पंगतच्या पंगत उठून गेली. ती काही थंडीत परत येणारी नव्हती. वर्षभरात उरले तिघे. दरबारच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले नाना आणि शाळेत शिकवणारे दोघे भाऊ. तिघेही सज्जन. बाईंची ओढाताण दिसत होती म्हणून पानात पडेल ते मुकाट्यानं गिळत.

आणि गिळावंच लागत होतं. मुठीनं मीठ घालणारा हात काही केल्या चिमटीवर येईना. आमटी आज खारट तर उद्या पाणचट. दोन वाजता एकट्या जेवायला बसल्या की बाईंना ते कळे, पण तोवर सगळे ताक पिऊन, ढेकर देऊन गेलेले असत. कुणी तोंड उघडलं असतं तर हाताला काही वळण लागलं असतं. बाई थकल्या होत्या. कामानं नव्हे, काम होतंच कुठं? या सज्जनांच्या गप्प बसण्यानं त्यांना थकवा आणला होता.

अशात श्रीपादचं पत्र आलं. भोपाळात ग्वाल्हेरचे बारा जण मिळून मेस काढणार होते. काकू येतील का चालवायला? 'रविवारी येतो, जेवायलाच बसतो, मग बोलू,' असं त्यानं लिहिलं होतं. बाईंनी पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आणि रविवारपर्यंत मनातल्या मनात चार वेळा ट्रंक भरली. साठीला टेकलेल्या बाईला नवं गाव कशाला हवं, असं कुणीही म्हणालं असतं. पण बारा पानं म्हणजे बारा पानं. तेवढ्यांत आपला हात परत येईल अशी त्यांना फार आशा वाटत होती.

रविवारी श्रीपाद आला, पाया पडला आणि नानांशेजारी आपल्या जुन्या पाटावर बसला. बाईंनी आमटी वाढली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पहिला घास घेऊन तो जरा थांबला. मग पाणी प्याला.

"कशी झालीय रे?"

"एकदम बढिया, काकू. असं जेवायला तर आम्ही तरसून गेलो आहोत तिकडे."

त्यानं दोनदा आणखी आमटी मागून घेतली, आणि दोन्ही वेळा तीत पांढऱ्या भाताचा ढीग कालवला. नाना पानातून मान वर काढायला तयार नव्हते. चौदा वर्षांत श्रीपादच्या तोंडून 'बढिया' हा शब्द बाईंनी ऐकला नव्हता. भोपाळचा विषय काही निघाला नाही. हात धुऊन श्रीपाद म्हणाला, "किला गेटला आत्याला भेटून येतो. तीनची गाडी आहे, झोला इथेच राहू द्या." आणि गेला.

बाई जेवायला बसल्या. आमटी तोंडात धरवत नव्हती इतकी खारट, आणि चिंचेनं दात आंबले. तरी पानातलं टाकायचं नाही म्हणून त्यांनी ती भाताबरोबर संपवली.

अडीचच्या सुमारास श्रीपाद झोला घ्यायला आला तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या.

"आमटी फेकून द्यायच्या लायकीची होती, श्रीपाद."

"नाही हो काकू, ठीक होती."

"चांगली व्हायची तेव्हा रोज नावं ठेवायचास. आज पाहुण्यासारखा बोललास."

श्रीपाद जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला बुरं वाटलं असतं."

"आणि भोपाळचं काय?"

"तिथे बारा लोक आहेत, काकू. रोजचं खाणं आहे." तो अडखळला. "मी त्यांना सांगून देईन, काकूंची तब्येत ठीक नव्हती."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? हात बिघडला म्हणून सांग. खरं आहे ते सांग."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. फार वाईट वाटत होतं त्यांना, आणि ते लपवायचं त्राणही उरलं नव्हतं. श्रीपादनं झोला खांद्याला लावला, तशी त्या म्हणाल्या, "थांब. मला उद्या पुन्हा तिघांची आमटी करायची आहे. हे तिघं मेले तरी बोलायचे नाहीत. कुठं काय चुकलं, तेवढं नीट सांगून जा."

श्रीपादनं घड्याळ बघितलं. झोला खाली ठेवला आणि पाट ओढून बसला.

"मीठ तर अर्ध्याहून कमी पाहिजे," त्यानं चाचरत सुरुवात केली. "चिंच पण फार झाली." मग बटाटा कच्चा राहिल्याचं निघालं. पोळी वातड झाली होती. कोशिंबिरीत दाण्याचं कूट शोधून सापडत नव्हतं, आणि भाताचं तर काही विचारूच नका. हळूहळू त्याचा जुना सूर लागला. बाई भिंतीला टेकून एकेक गोष्ट ऐकून घेत होत्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना खानावळ भरलेली वाटत होती.