आशालताकाकूंनी नाव घेतलं

आशालताकाकूंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या होळीत, म्हणजे आमच्या आळीत, त्यांच्या वयाच्या बऱ्याच बायका मारत नाहीत, पण काकूंचं प्रकरण जास्तच कडक. गॅसवाल्याने 'कनेक्शन कोणाच्या नावावर?' विचारलं की त्या कुंपणापाशी येऊन मला बोलवायच्या, आणि मी हातातलं काम टाकून 'शांताराम!' म्हणून ओरडायचो. 'तुमचा नवरा, तुम्हीच सांगा की,' असं एकदा वैतागून म्हटलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाव घ्यायचं ते फक्त हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही पदर सारखा करत. एरवी 'अहो', 'ऐकलं का', नाहीतर मागच्या दारात उभं राहून बांगड्या वाजवायच्या. काका वाडीच्या पार टोकाला केळीत असले तरी त्यांना ऐकू जायचं. कसं, ते मला कधी कळलं नाही.

त्यांचा मुलगा जयवंत इंजिनियर. चांगली नोकरी सोडून त्याने अंधेरीच्या दोन मित्रांबरोबर कंपनी काढली. बोललेलं ऐकून घरातले दिवे, पंखे, फोन चालवणारा डबा. तसले डबे इथून जवळच्या तुळिंजच्या फ्लॅटाफ्लॅटात आलेत, पण ते इंग्रजी आणि पुस्तकी भाषेचे. जयवंतचा डबा आपली वाडवळी बोली समजणार होता. नाव ठेवलं 'सोबती'. त्यापायी विहिरीपलीकडची अर्धी वाडी विकली. उरलेली अर्धी, घर आणि विहिरीसकट, गहाण पडली. काका सह्या करताना एवढंच म्हणाले, "पोराचंच आहे."

सोबतीला बोलायला शिकवलं काकूंनी. रोज सकाळी भाजी निवडत त्या त्याच्याशी बोलायच्या, जयवंत ते भरून घ्यायचा. "मेल्या, कवा शिकशील?" म्हणून रागवायच्याही. वर्षभरात डबा शिकला. काकूंनी नुसतं "पानी सोड" म्हटलं की वाडीतला पंप चालू. मी असल्या खुळांवर हसणारा माणूस, पण तो पंप पाहून गप्प बसलो.

पण कंपनीचे पैसे संपत आले. शेवटची आशा म्हणजे मुंबईचे गुंतवणूकदार. त्यांनी पैसे घातले तर गहाण सुटणार, नाहीतर उरलेली वाडीही जाणार. खऱ्या घरात, खऱ्या आजीबाईंनी डबा वापरताना बघायचं, असं त्यांचं म्हणणं. दोघं पुरुष आणि एक बाई, मोठ्या गाडीतून आले. काकूंनी ठेवणीतलं पातळ नेसलेलं. मीही कुंपण ओलांडून ओटीवर जाऊन बसलो.

दिवे लागले, पंखा फिरला. पाहुणे मान हलवू लागले. मग त्या बाईंनी विचारलं, "आजी, समजा तुम्ही घरात पडलात. मिस्टर वाडीत आहेत. तर काय कराल?"

जयवंतचा चेहरा खुलला. हे तर त्याचं हुकमी पान. काकांचा नंबर त्याने 'शांताराम' म्हणून भरला होता, आणि 'शांतारामला फोन लाव' म्हणून त्याच्या मित्रांनी शंभरदा तपासून पाहिलं होतं. आईकडून मात्र एकदाही म्हणवून घेतलं नव्हतं. जन्म या घरात काढला, आणि एवढं सुचलं नाही!

"सोबती," काकू म्हणाल्या, "ह्यांना फोन लाव."

"कोणाला फोन लावू?"

"अरे, ह्यांना!"

"हे नाव सापडलं नाही."

"आई, बाबांचं नाव बोल ना," जयवंत कळवळून म्हणाला. "एकदाच."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ओरडून उपयोग नव्हता. मग त्यांनी पदर सारखा केला आणि त्यांना येत होता त्या एकाच तऱ्हेने नाव घेतलं:

"पाटाचं पाणी केळीच्या मुळाशी जाई, शांतारामरावांच्या संसारात मला उणं काही नाही."

सोबती क्षणभर थांबला. "पाणी सोडलं आहे," म्हणाला. मागे पंप घरघरला आणि वाडीतून काकांची आरोळी आली. पाहुणे पोट धरधरून हसले. काकूही बिचाऱ्या हसल्या, त्यांना वाटलं जमलं.

गाडीपाशी त्या बाई जयवंतला म्हणाल्या, "छान आहे. पण घरातल्या डब्यात आता पुढे काही राहिलेलं नाही. मोठ्या कंपन्या जवळजवळ फुकट वाटताहेत. आणि अशा किती आज्यांना तुम्ही बदलणार?" जयवंतने संध्याकाळीच 'हे' हे नाव डब्यात भरलं. काही मिनिटांचं काम. ते त्या बाईंना फोनवर सांगितलं, तर पलीकडून नुसत्या शुभेच्छा मिळाल्या.

मला विचाराल तर ती माणसं ठरवूनच आली होती. मी काकूंना तसं परोपरीने सांगितलं. त्या ऐकेनात. "माझ्या तोंडातनं एक शब्द निघाला नाय," एवढंच. त्यांचं जेवण सुटलं. जयवंतसमोर यायच्या नाहीत. तोही घरी येईनासा झाला. मला त्या घराकडे बघवत नव्हतं.

मग सोबती बंद पडायचा दिवस आला. डब्याची अक्कल कुठल्याशा भाड्याच्या कॉम्प्युटरवर होती आणि भाडं थकलं होतं. त्याच दुपारी वाडी घेणाऱ्याची माणसं टेप घेऊन मोजणीला आली. काका त्यांच्याबरोबर हिंडत होते. मी कुंपणाशी उभा होतो.

खिडकीतून काकू दिसल्या. डब्यासमोर बसलेल्या, डोक्यावरून पदर.

"सोबती," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटले. "शांतारामला फोन लाव."

डब्यावरचा दिवा लागला नाही.

"शांतारामला लाव रं. शांताराम! शांताराम!"

काका केळीतून पडत-धडपडत आले. चपला वाटेतच राहिल्या. मीही मागोमाग धावलो. नक्की काहीतरी भयंकर झालंय, असंच दोघांना वाटलं.

"काय गो? काय झालं?"

काकूंनी त्यांचा हात धरला. मी समोर असताना, पहिल्यांदाच.

"जयवंताला कळवा," त्या म्हणाल्या, "मना आता बोलता येतं. त्या लोकांना परत बोलव म्हणावं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मागे मोजणीवाले विहिरीपर्यंत आले होते.