सुटीतली दहा मिनिटं

अमरावतीच्या एका चित्रकला कॉलेजात चतुराबाई बावीस वर्षं पोरांसमोर स्टुलावर, त्यांनी चित्र काढावं म्हणून, बसते आहे. साडी नीटनेटकी, पदर डोक्यावर. पावलांभोवती खडूनं रेघा मारतात, म्हणजे उठून आलं तरी पाऊल त्याच जागी पडावं. हलायचं नाही, नाकावर माशी बसली तर बसली. पण "सुटी" म्हटलं की सगळ्या पेन्सिली खाली. ती दहा मिनिटं चतुराबाईची. त्यात ती पाय पोटाशी घेईल, जांभया देईल, पोरांना शिव्याही घालेल. ते कुणी काढायचं नाही. हा कायदा तिचाच. दरवर्षी नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी दम देऊन सांगते.

विपुललाही तिनंच सांगितला होता. पोरगा गुणी. कॉलेज संपल्यावर त्यानं चित्रं काढायला स्वतःची खोली घेतली, तरी समोर बसायला त्याला चतुरामावशीच लागायची. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीत, सुटीतच, अकोल्याहून तिच्या लेकीचा, भावनाचा फोन आला. "आई, माह्या बाळाच्या बारशाले येऊ नको. तू चित्रासाठी बसते हे सासरी समजलं. मले लाज वाटते." याच बसण्यावर भावना शिकली होती. नवरा गेला तेव्हाही चतुराबाई चारचौघांत रडली नव्हती. त्या दिवशी तोंडात पदर कोंबून रडली. विपुल पाठ फिरवून मोरीत ब्रश धूत राहिला. किती समजदार पोरगं, असं तिला वाटलं. "कोणाले सांगू नको," एवढंच ती म्हणाली.

यंदा विपुलचं प्रदर्शन भरलं, तेही अकोल्यात. मावशीला त्यानं हौसेनं एसटीनं नेलं. मधल्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र होतं. हिरवा चेहरा, ताटाएवढे हात, तोंडाच्या जागी काळा खड्डा, मागं लालच लाल. बाई ओळखूच येत नाही, असं लोक म्हणत होते. चतुराबाईनं पावलं पाहिली. ती वर ओढून घेतलेली, खाली खडूच्या रेघा रिकाम्या. म्हणजे हे सुटीतलं. चित्राच्याच कोपऱ्यात पाठमोरा विपुल, आणि मोरीवरच्या आरशात त्याचे डोळे, तिच्यावर रोखलेले. खालची पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली. चित्राचं नाव, 'बारशाचा फोन'.

ज्याच्या पाठीच्या भरवशावर ती रडली, त्यानंच केसानं गळा कापला होता.

"काहून रे? तू तं ब्रश धूत होता."

"मावशी, हे तुमी नाईच. भाव आहे फक्त. आन् मी मलेही सोडलं नाई, पाहा ना."

"तुले तुयं काढायचं तं काढ. ते माह्या सुटीतलं होतं."

भावनाचं घर तिथून दोन चौक. चतुराबाई गेली नाही. मिळेल त्या बसनं एकटीच परतली.

सोमवारी वर्गात सुटी झाली. पेन्सिली खाली आल्या. चतुराबाई हलली नाही.

"मावशी, सुटी झाली. पाय मोकळे करा ना," रागिणी नावाची पोरगी म्हणाली.

"होऊ दे. मी अशीच बसते."

दहाही मिनिटं तिची पावलं खडूच्या रेघेत होती.