फक्कीताईची रेषा

पुरात येतं तेवढं वरच्या तलावाचं पाणी चाचणीसाठी आमच्या ओढ्यात सोडायचं ठरलं होतं, त्या दुपारी गल्लीत जेवणानंतर कुणी आडवं झालं नाही. टेलरने दुकान उघडं ठेवलं होतं, पण मशीनवर कापड नव्हतं. खालच्या ओळीतल्या बायका दारात उभ्या होत्या आणि प्रत्येकीची नजर आपल्या पायरीपुढच्या पांढऱ्या रेषेवर होती.

ती रेषा फक्कीताईने आखली होती. पाणी कितीही चढलं तरी इथवरच येईल, असं तिचं सांगणं होतं. पाणीखात्याच्या साहेबांनी सगळ्या गल्लीसमोर अट घातली होती. पाणी रेषेच्या आत राहिलं, तर ओढ्याची भिंत कायमची गेली. रेषा ओलांडली, तर पाणी तिथल्या तिथे बंद आणि भिंत परत उभी. फक्कीताईने मान डोलावली होती. तिच्या सासूबाई, आमच्या काकू, तेव्हा उठून घरात गेल्या होत्या.

मी वरच्या ओळीत, चढावर राहतो. फक्कीताईचं घर माझ्या समोर, उताराच्या अगदी टोकाला. लग्न होऊन ती आली तेव्हा सून काय करते, अशी चौकशी साहजिकच झाली. बागा, पाणवठे, मोकळ्या जागा यांची आखणी करते, असं उत्तर मिळालं. म्हणजे माळीकाम का, असं टेलरने विचारलं. ती म्हणाली, हो, फक्त कुंडीत मावत नाही एवढं. त्या दिवसापासून टेलर तिला जरा जपून असायचा.

नाव पडलं ते तिच्या डब्यामुळे. पिठाच्या जुन्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यात ती फक्की भरायची. खेळाच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती चुन्याची पांढरी पूड. एखादी जागा हाती आली की आधी कागद नाही. आधी जमिनीवर फक्कीने रेघा मारायच्या, लोकांना त्यावरून जाऊ-येऊ द्यायचं आणि लोकांचे पाय कुठे रेघ मोडतात ते पाहायचं. दवाखान्याच्या अंगणातले बाक दाराशी असावेत असं सगळ्यांचं मत होतं. पण आजाऱ्यांची माणसं दाराशी थांबत नाहीत, खिडकीखाली जाऊन उभी राहतात, हे तिने पाहिलं होतं. बाक खिडकीखाली गेले, त्यावर सावलीला झाड आलं, आणि आज ती जागा कधी रिकामी दिसत नाही.

ओढ्याचं काम मात्र तिने मागून घेतलेलं नव्हतं. ते तिच्या कचेरीकडे आलं आणि तिच्या टेबलावर पडलं.

पुष्कळ वर्षांपूर्वी ओढ्याला मोठा पूर आला होता. तेव्हाचे टेलर म्हणजे आताच्या टेलरचे वडील. त्यांचं शिलाईमशीन बाहेर काढायला फक्कीताईचे सासरे पाण्यात उतरले. मशीन बाहेर आलं, ते आले नाहीत. त्यानंतर ओढ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटची उंच भिंत बांधली. पूर पुन्हा गल्लीत आला नाही, पण ओढाही आमचा राहिला नाही. पलीकडचं दिसत नसल्यामुळे लोक भिंतीवरून कचरा टाकायला संकोच करीनासे झाले. बेडूक गेले, बगळे गेले, वास तेवढा राहिला. आणि भिंतींमधून सुसाट निघालेलं पाणी खालच्या वस्तीत जाऊन आदळायचं. आम्ही कोरडे राहत होतो, ते दरवर्षी भिजत होते.

फक्कीताईचं म्हणणं थोडक्यात असं. आमच्या बाजूची भिंत काढायची, काठ उतरता करायचा, शेजारची पडीक जागा खोलगट करून पाण्याला पसरू द्यायचं. पसरलेलं पाणी दमानं चालतं, घाण खाली बसते, आणि ओल धरणारी झाडं उरलेलं काम करतात. हे तिने गल्लीला समजावलं आणि गल्लीला बऱ्यापैकी पटलंही. पटवायचं राहिलं ते एका घरात, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

"आई, त्या वेळी पाण्याला पसरायला जागा नव्हती म्हणून ते घरात आलं," ती म्हणाली होती. "मी त्याला जागा देतेय."

"दे," काकू म्हणाल्या. "माझ्या दारात नको."

तिथून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त सून समोर उभी असताना काकू मुलाला म्हणायच्या, तिला सांग, भाजी झाकून ठेवलीय. सून म्हणायची, त्यांना सांगा, मी जेवून आलेय. मुलगा एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, मी घरातला पोस्टमन झालोय."

भिंत पाडली तेव्हा तिच्या पायाखाली सपाट दगड निघाले. एकेकाळी गल्लीतल्या बायका ज्यांवर धुणं धूत ते. बांधकामाच्या वेळी ते तसेच गाडले गेले होते. म्हाताऱ्या माणसांनी दगड ओळखले. हा अमकीच्या सासूचा, या खळग्यात साबण ठेवायचो, अशी बोलणी सुरू झाली. फक्कीताईने ते दगड काठावर पायऱ्यांसारखे बसवले. एका संध्याकाळी काकू आल्या, एका दगडावर थोडा वेळ बसल्या आणि परत गेल्या.

मग लागवड झाली. अगदी खाली पाणकणीस, त्याच्या वर लव्हाळा, बाजूला वाळुंजाची रोपं. सगळी गल्ली चिखलात उतरली होती. लव्हाळ्यापासून घरांच्या पायऱ्यांपर्यंत मातीचा मोकळा पट्टा राहिला. त्या पट्ट्यात फक्कीताईने मोजणीची दुर्बीण लावून, एका पातळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा आखली. रेषेच्या एका टोकाला पंपाची खोली आहे, तिथे सिमेंटचा कोबा आहे, म्हणून तिथे ऑइलपेंटने पट्टा मारला. बाकी सगळीकडे फक्की. फक्की पायाखाली पुसते, झाडताना जाते. म्हणून तिने घरोघर थोडी थोडी फक्की दिली आणि सांगितलं, आपल्या दारापुढची रेषा पुसट झाली की आपणच परत ओढा. माझ्या हातची राहिली तर ती माझीच राहील. तुमच्या हातची झाली की तिची भीती जाईल.

पेंटच का नाही मारला सगळीकडे, असं मी तिला विचारलं होतं. मातीवर पेंट बसत नाही, आणि बसला असता तरी मारला नसता, असं ती म्हणाली.

मग रोज सकाळी मला वरून दिसायचं. खालच्या ओळीत अंगणं झाडून झाली की बायका वाकून रेषा ओढायच्या. काकूही ओढायच्या. सुनेशी बोलत नव्हत्या, पण तिची रेषा एक दिवस चुकवली नाही. राग निवळत चाललाय, असं मला वाटलं.

पाणी आलं ते आवाज न करता. साहेब हातात फोन घेऊन काठावर उभे होते, वर तलावाच्या दरवाजापाशी त्यांचा माणूस होता. शब्द गेला की दरवाजा बंद. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सहीची जबाबदारी घेतली होती आणि एका माणसाचा जीव गेलेली जागा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

पाणकणसं पाण्यात गेली. खोलगट जागा भरत गेली आणि पाण्याची चाल मंदावली, अगदी ती म्हणाली होती तशी. धुण्याचे दगड एकेक करून बुडाले. मग लव्हाळा. मग पाणी मोकळ्या मातीवर आलं आणि तिथे त्याच्याआधी त्याची ओल पुढे सरकताना दिसू लागली.

काकूंच्या दारापुढची रेषा सगळ्यात आधी ओली झाली. फक्की विरघळली, पाणी दुधासारखं झालं आणि पुढे निघालं.

 टेलरच्या दारापुढेही तेच झालं, त्याच्या शेजारीही. साहेबांनी फक्कीताईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. ती वाकून पाण्याच्या कडेने चालत गेली, घरामागून घर, आणि पंपाच्या खोलीपाशी जाऊन थांबली.  मीही खाली उतरून तिथवर गेलो.

तिथे पाणी पेंटच्या पट्ट्याच्या हातभर अलीकडे, ओढ्याच्या बाजूलाच होतं.

पाण्याची पातळी सगळीकडे एकच. मग इथे रेषा कोरडी आणि घरांपुढे बुडालेली, हे एकाच तऱ्हेने होऊ शकत होतं. तिने वळून घरांच्या ओळीकडे पाहिलं, मग आपल्या सासूच्या दाराकडे. मी काही बोलणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काका, राहू द्या."

मला तिचं कोडं पडलं नाही. चारचौघांत सासूकडे बोट दाखवून तिला भिंतीची बाजी जिंकायची नव्हती. पण न बोलता ती वाचतही नव्हती. ती परत आली आणि साहेबांना म्हणाली, थोडं थांबा.

"किती थांबू?"

"पाणी आपण होऊन थांबेपर्यंत."

"आपलं ठरलं होतं ते रेषेचं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच जड वाटला.

तिचा नवरा आईच्या पायरीपुढे उभा होता. पाणी त्याच्या चपलांना लागलं होतं. "पुरे कर आता," तो तिला म्हणाला. "आईकडे बघ."

काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. सून पंपाच्या खोलीपर्यंत गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि परत येऊन गप्प राहिलेलीही. साहेबांनी फोन कानाला लावला.

"साहेब, फोन ठेवा," काकू म्हणाल्या. "रेषा मी सरकवलीय."

साहेबांना कळलं नाही. त्यांनी फोन तसाच धरला.

"झाडलं की पुसायची. परत ओढताना हात पुढे, ओढ्याकडे जायचा. आज बोटभर, उद्या बोटभर. मुद्दाम नाही. पाणी लांब राहावं असं वाटायचं." त्या थांबल्या. "तिची रेषा इथे होती. माझ्या पायरीजवळ."

 मग टेलर घसा खाकरून म्हणाला, "काकू, सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर घेऊ नका. कापड बेतणारा मी, तरी माझाही हात जरा सैल गेला." त्याच्या शेजारणीने एकदम पदर नीट केला. पलीकडची आकाशात काहीतरी शोधू लागली. खालच्या ओळीतल्या प्रत्येक घराने रोज थोडं थोडं पाणी आपल्यापासून लांब लोटलं होतं, आणि शेजारच्या घराची रेषा जुळते आहे म्हणून आपली बरोबर असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

साहेब स्वतः पंपाच्या खोलीपर्यंत जाऊन आले. फोन त्यांनी खिशात घातला नाही. "तो पट्टा घरांपासून लांब आहे, आणि घरांपुढे आता दुसरी खूण नाही," ते म्हणाले. "पायरी. पायरीला पाणी लागलं की मी कुणाचं ऐकणार नाही."

"लागू दे," काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मुलगा म्हणाला, आई, आत चल. त्यांनी ऐकलं नाही. पाय खाली सोडले, ओल्या मातीवर टेकले.

पाणी चढत होतं. घाई नव्हती त्याला, आणि तेच सहन होत नव्हतं. फक्कीताई घोटाभर पाण्यात उभी होती, हातात रिकामा डबा. काकूंच्या बोटांना पाणी लागलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतला नाही. डोळे मात्र मिटले. पायरीच्या दगडावर जुन्या पुराची काळसर खूण अजून होती, आणि तिच्याकडे कुणालाच बघवत नव्हतं.

वाळुंजाचं एक पान पाण्यावरून तरंगत पायरीकडे आलं. वीतभर अंतरावर ते थांबलं, जागीच फिरलं आणि हलेना. आम्ही सगळे त्या पानाकडे बघत राहिलो.  मग पान अगदी थोडं मागे सरकलं. मला वाटलं भास झाला. पण पुन्हा सरकलं, आणि मातीवर मागे ओली कडा उघडी पडली.

साहेबांनी फोन खिशात ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फक्कीताईला नमस्कार करून ते काठाने निघून गेले.

ती पाण्यातच उभी होती. बाहेर यायचं तिला सुचत नव्हतं. काकूंनी डोळे उघडले, पायाखालची माती बघितली, आणि कितीतरी महिन्यांनी सुनेशी सरळ बोलल्या.

"पाय पूस आणि आत ये. भाजी झाकून ठेवलीय."

तिचा नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, माझी नोकरी गेली."